साप साप म्हणून भुई धोपटणारं नाक

रॅगवीड या तणाचं शास्त्रीय नाव अँब्रोसिया. ग्रीक पुराणकथांमध्ये अँब्रोसिया म्हणजे देवांचं अन्न. भाषेच्या नात्याने हा शब्द आपल्या 'अमृता'चा सख्खा भाऊ, दोन्हींचं मूळ एकच. ऑगस्ट उजाडला की त्याच्या परागाच्या अ‍ॅलर्जीने ज्यांच्या नाकाडोळ्यांना धारा लागतात, त्यांना मात्र ही कुणीतरी केलेली क्रूर थट्टाच वाटत असणार.

रॅगवीड मूळचं उत्तर अमेरिकेतलं. तिथून ते युरोपात पोचलं आणि हंगेरी, उत्तर इटली, फ्रान्समधलं ऱ्होन नदीचं खोरं इथे चांगलंच फोफावलं. दिवस लहान होऊ लागले की ते फुलतं. फुलं हिरवट, बारीक, नजरेतही न भरणारी. त्याच सुमारास पिवळ्याधमक फुलांनी लगडलेलं गोल्डनरॉड शेजारी उभं असतं आणि लोक त्यालाच शिव्या घालतात. चोर सोडून संन्याशाला फाशी! गोल्डनरॉडचा पराग जड आणि चिकट, तो कीटकांच्या अंगाला चिकटून जातो. रॅगवीडचा भरवसा वाऱ्यावर. वारा नेम धरत नाही, म्हणून पराग उधळावा लागतो बेसुमार. एकच दांडगं रोप एका हंगामात अब्जाच्या घरात परागकण सोडू शकतं.

यातला एक कण नाकात गेला असं समजू. त्याची रुंदी साधारण २० मायक्रॉन, म्हणजे केसाच्या जाडीत असे तीनचार कण शेजारी शेजारी मावतील. फुप्फुसात खोलवर शिरायला तो मोठा पडतो, म्हणून नाकातल्या ओल्या अस्तरावरच अडकतो. ओल लागताच काही मिनिटांत त्याच्यातली प्रथिनं बाहेर झिरपू लागतात. त्यातलं मुख्य प्रथिन 'अँब ए १'. ते विषारी नाही आणि परागात रोगजंतू असतो असंही नाही. बहुतेकांच्या नाकातून हे प्रथिन गुपचूप पुढे जातं.

काहींच्या शरीराचा मात्र इथे गैरसमज होतो. अस्तराखालच्या पहारेकरी पेशी प्रथिनाचे तुकडे उचलून जवळच्या लसिकाग्रंथीत नेतात. तिथे टी पेशी नावाच्या संरक्षक पांढऱ्या पेशी हा शत्रू असल्याचा निवाडा देतात आणि त्यांच्या जोडीदार बी पेशी त्याच्याविरुद्ध आयजीई नावाची प्रतिपिंडं, म्हणजे शत्रूला ओळखून पकडणारी प्रथिनं, बनवू लागतात. एरवी पोटातल्या जंतांसारख्या परजीवींशी लढताना कामी येणारं हे हत्यार. ही प्रतिपिंडं नाकातल्या, डोळ्यांतल्या मास्ट पेशींवर जाऊन बसतात. एवढं सगळं घडतं, पण माणसाला पत्ता नसतो. एक शिंकही येत नाही. 'इतकी वर्षं मला काही होत नव्हतं, आत्ताच कसं झालं?' या प्रश्नाचं उत्तर बरेचदा या मुक्या तयारीत असतं.

पुढच्या खेपेला तेच प्रथिन आलं की मास्ट पेशीवरच्या शेजारशेजारच्या दोन आयजीईंना ते एकदम पकडतं. जोडी जुळली की पेशी आधीच भरून ठेवलेल्या हिस्टामिन या रसायनाच्या पुड्या फोडते. हिस्टामिन मज्जातंतूंना डिवचतं, म्हणून खाज आणि शिंका. ग्रंथी पाझरतात, म्हणून नाक वाहतं. रक्तवाहिन्या फुगून झिरपू लागतात, म्हणून नाक चोंदतं आणि डोळे लाल होतात. डोळ्यांखाली काळसर वर्तुळं दिसतात, तीही बऱ्याचदा तिथल्या शिरांमध्ये तुंबलेल्या रक्तामुळे.

या आयजीईचा शोधही रॅगवीडनेच लावून दिला. १९६६ साली अमेरिकेतल्या डेन्व्हरमध्ये किमिशिगे आणि तेरुको इशिझाका या जपानी दांपत्याने रॅगवीडची अ‍ॅलर्जी असलेल्यांच्या रक्तद्रवातून अ‍ॅलर्जी घडवणारा तो अज्ञात घटक वेगळा केला. स्वीडनमधले योहानसन आणि बेनिक दुसऱ्या वाटेने तिथेच पोचले आणि १९६८ मध्ये त्याला आयजीई हे नाव मिळालं.

शिंका ओसरल्या तरी प्रकरण मिटत नाही. काही तासांनी इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी तिथे जमतात, अस्तर सुजतं आणि सकाळी बाहेर फिरून आलेल्याचं नाक संध्याकाळी घरात बसल्याबसल्या चोंदतं. रोज असंच होत राहिलं की अस्तर इतकं तापट होतं की हंगामाच्या सुरुवातीला जिथे ढीगभर पराग लागत होता, तिथे पुढे चिमूटभर पुरतो. म्हणून माझ्या मते नाकात मारायचा स्टिरॉइडचा फवारा हंगामाच्या तोंडावरच सुरू करण्यात शहाणपण आहे, अर्थात डॉक्टरांना विचारून. हिस्टामिनविरोधी गोळी खाज आणि शिंका थांबवते, चोंदलेल्या नाकापुढे तिचं फारसं चालत नाही.

आणखी एक गंमत. रॅगवीडची अ‍ॅलर्जी असलेल्या काहींना खरबूज, केळं किंवा काकडी खाल्ली की तोंडात खाज सुटते. त्यांच्यातली काही प्रथिनं परागातल्या प्रथिनांसारखी दिसतात आणि आयजीई तिथेही फसतं.

मुळावर घाव घालणारा उपाय म्हणजे तेच प्रथिन ठरावीक मात्रेत, इंजेक्शनने किंवा जिभेखालच्या गोळीने, साधारण तीन वर्षं देत राहायचं. मग शरीर आयजीजी ४ नावाची वेगळी प्रतिपिंडं बनवतं. ती प्रथिनाला आयजीईपर्यंत पोचण्याआधी वाटेतच गाठतात. उपचार न घेणाऱ्यांची सुटका पहिल्या कडक थंडीत होते. दंव गोठतं, रोपं मरतात, हवा निवळते. पण त्याच दिवसांत रक्त तपासलं, तर रॅगवीडविरुद्धचं आयजीई हंगामाआधीपेक्षा वाढलेलं सापडतं. ते हळूहळू उतरत जातं, तोवर पुढचा ऑगस्ट येतो.