भाताचा देव धंद्याचा कसा झाला: फुशिमी इनारीची पार्श्वभूमी

जपानमधल्या क्योतोच्या फुशिमी इनारी या देवस्थानाला आज लोक येतात ते धंद्यात बरकत मागायला. इनारी मात्र मूळचा शेतीचा देव. परंपरेने स्थापना ७११ सालची मानतात. एका श्रीमंताने मोचीवर, म्हणजे तांदळाच्या चिकट गोळ्यावर, नेम धरून बाण मारला, मोचीचा पांढरा पक्षी होऊन डोंगरावर उतरला आणि तिथे भात उगवला, अशी आख्यायिका. 'इने' म्हणजे भाताचं पीक. नावाचा धागा तिथेच जोडतात. १४६८ च्या यादवीत देऊळ जळालं, १४९९ मध्ये मुख्य देऊळ पुन्हा उभं राहिलं. एदो काळात (१६०३ ते १८६८) शहरं आणि व्यापार वाढला, तसा व्यापाऱ्यांनी हा देव आपलासा केला.

खरा गुंता कोल्ह्याचा आहे. कोल्हा हा देव नव्हे, देवाचा निरोप्या. महाद्वाराशी बसलेल्या एका कोल्ह्याच्या तोंडात किल्ली आहे, ती धान्याच्या कोठाराची. पण बौद्ध परंपरेतून पांढऱ्या कोल्ह्यावर बसलेली दाकिनीतेन ही देवी आली आणि इनारीशी एकरूप झाली. दाकिनी म्हणजे संस्कृतातली डाकिनी, आपली डाकीण! आपल्याकडे तिच्या नावाने पोरांना भीती घालतात. तिथे ती भरभराट देते.

१८६८ मध्ये नव्या सरकारने शिंतो, म्हणजे जपानचा मूळ धर्म, आणि बौद्ध वेगळे करण्याचा आदेश काढला. शतकानुशतकं एकत्र नांदलेली भक्ती कागदावर दोन खात्यांत वाटली गेली. फुशिमीच्या आवारातलं बौद्ध मंदिर पाडलं गेलं. याला शुद्धीकरण म्हणणारे आहेत. मला ती तोडफोडच वाटते. आइची प्रांतातलं तोयोकावा इनारी मात्र झेन पंथाचं बौद्ध मंदिर म्हणूनच टिकलं, तिथे आजही दाकिनीचीच पूजा होते. फुशिमीला १८७१ मध्ये वरचा सरकारी दर्जा मिळाला. दुसऱ्या महायुद्धानंतर राजाश्रय संपला आणि देवस्थान देशव्यापी शिंतो संघटनेबाहेर, स्वतंत्र राहिलं.

डोंगरभर सुमारे दहा हजार तोरी कमानी आहेत. कमान अर्पण करण्याची चाल एदो काळातली. 'तोरू' म्हणजे पार जाणं, इच्छा पार पडावी किंवा पडली म्हणून तोरी. चढताना खांब कोरे तांबडे दिसतात. मागे वळलं की काळ्या अक्षरांत तारीख आणि देणाऱ्याचं नाव, पुष्कळदा कंपनीचं. लाकूड बुंध्याशी कुजलं की कमान उतरवतात आणि त्या जागी नव्या नावाची उभी करतात.