डुको, पीयू, मेलामाइन: लाकडावर स्प्रे आला कसा आणि नावांचा घोळ झाला कुठं

घराचं फर्निचर करायला दिलंय अशा कुणाचंही कोटेशन बघा, त्यात रंग-पॉलिशच्या कामात ‘डुको’ एका ओळीत, ‘पीयू’ (पॉलियुरेथेन) दुसऱ्या ओळीत, दर वेगळे. दोन्हीत फरक काय असं विचारलं की सुतार एक सांगतो, डिझायनर दुसरं आणि पॉलिशवाला तिसरंच. हे समजायचं तर थोडं मागं जावं लागतं.

स्प्रेगनचं मूळ लाकडात नाहीच. अमेरिकेतल्या टोलेडो शहरात एका डॉक्टरने १८८८ च्या सुमारास पेशंटच्या घशात औषध मारायला छोटा फवारा बनवला, पुढं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्याच्या मुलाने तेच तत्त्व रंगाला लावलं. पण खरा बदल झाला पहिल्या महायुद्धानंतर. युद्धात स्फोटकांसाठी नायट्रोसेल्युलोज भरमसाट बनत होतं, युद्ध संपल्यावर त्यापासून लॅकर, म्हणजे पटकन सुकणारा चकचकीत लेप, निघायला लागला आणि १९२३ साली तिथल्या एका केमिकल कंपनीने ते ‘डुको’ या ब्रँडने मोटारींसाठी बाजारात आणलं. आधी गाडी रंगवून सुकायला आठवडे जायचे ते काम दिवसांवर आलं. आता गंमत अशी की हे लॅकर इतकं पटकन सुकतं की ब्रश परत फिरवेपर्यंत आधीचा हात चिकट झालेला असतो, रेघा तशाच राहतात, म्हणजे मोठ्या पृष्ठभागावर गन वापरावीच लागते. मोटारीमागून फर्निचरचे कारखानेही तिकडं वळले.

आपल्याकडं मात्र घरातलं काम बराच काळ हाताचंच राहिलं. चपडी लाख स्पिरिटमध्ये विरघळवायची, कापूस सुती फडक्यात बांधून पुरचुंडी करायची आणि हात न थांबवता गोल गोल फिरवत पातळ थर चढवत जायचे. मला अजूनही हे काम सगळ्यात सुंदर वाटतं, पण खरं सांगायचं तर त्यावर गरम कप ठेवला की पांढरा डाग पडतो आणि स्पिरिट सांडलं की पॉलिश विरघळतं. फ्लॅट वाढले, प्लाय आणि व्हिनिअर आलं, तसं ऐंशी-नव्वदच्या दशकात मेलामाइन पॉलिश रुळलं. सीलर (लाकडाची छिद्रं बुजवणारा पहिला थर) मारा, पॉलिश पेपर घासा, वरून गनने कोट. त्यात अ‍ॅसिडवाला हार्डनर (थर कडक करणारं द्रव्य) असतो, फॉर्मल्डिहाइड सुटतं, नवं कपाट उघडल्यावर डोळे चुरचुरायचे ते त्यामुळंच. मग पीयू आलं, ते जास्त टणक आणि पाण्याला जास्त दाद न देणारं.

आता मुख्य घोळ. ‘डुको’ हे मूळचं एका मालाचं ब्रँडनाव, तेही नायट्रोसेल्युलोज लॅकरचं, पण आपल्याकडं गॅरेजमधून स्टीलच्या कपाटांवर आणि तिथून एमडीएफ या दाबलेल्या लाकडी बोर्डच्या शटरवर येता येता त्याचा अर्थ झाला ‘लांबी (पुट्टी) भरून, घासून, गनने मारलेला अपारदर्शक रंग’. म्हणजे हा शब्द काम कसं दिसतं ते सांगतो, डब्यात काय आहे ते सांगतच नाही. पीयू याच्या अगदी उलट, ते रसायनाचं नाव, ते क्लिअरही असतं आणि रंगीतही. त्यामुळं ‘डुको की पीयू’ हा प्रश्नच तिरका आहे. शटर रंगीत पीयूने मारलं तरी लोक त्याला डुको म्हणतात, आणि स्वस्त एनसी (नायट्रोसेल्युलोज) पेंट मारूनही कोटेशनमध्ये शब्द तोच.

फरक मोठा आहे. एनसी नुसतं थिनर उडून सुकतं, म्हणजे पुन्हा थिनर लागलं की परत विरघळतं. पीयू हार्डनरशी रिअ‍ॅक्शन होऊन कडक होतं, मग सहजी विरघळत नाही. आमच्या ओळखीत एकाने पीयूचे पैसे देऊन ड्रेसिंग टेबल केलं, त्यावर नेलपॉलिश रिमूव्हरचे दोन थेंब पडले आणि तिथला रंग मऊ होऊन फडक्यावर आला. तेव्हा कळलं काय मारलंय ते. थिनरमध्ये भिजवलेला कापूस शटरच्या आतल्या कोपऱ्यात घासून बघायचा, रंग लगेच कापसावर उतरला तर एनसी. मात्र पीयू पूर्ण पिकायला काही दिवस लागतात, काल मारलेल्यावर ही टेस्ट करू नका. माझं मत सरळ आहे, कोटेशनमध्ये ‘डुको’ लिहायचंच असेल तर पुढं एनसी की पीयू हे लिहिलंच पाहिजे.

गनही बदलत गेली. जुन्या गनमध्ये हवेचा दाब जास्त, त्यामुळं निम्म्याहून जास्त माल हवेत उडायचा. अमेरिकेत, त्यातही दक्षिण कॅलिफोर्नियात, हवेच्या प्रदूषणाचे नियम कडक झाले तशी एचव्हीएलपी गन पसरली, हवा भरपूर पण एअर कॅपपाशी, म्हणजे गनच्या तोंडाशी, दाब १० पीएसआयच्या आत, आणि किमान ६५ टक्के माल लाकडावर बसावा ही अपेक्षा. तिथं हा प्रश्न हवेचा होता. इथं मला तो जास्त करून माणसाचा वाटतो, कारण पीयूच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट नावाचं रसायन असतं, त्याच्या फवाऱ्याने दमा जडू शकतो आणि एकदा जडला की थोड्या मात्रेनेही त्रास होतो. तरी बंद बेडरूममध्ये तोंडाला रुमाल बांधून गन चालवणारा पोरगा आजही दिसतो, आणि रुमालाने धूळ थोडीफार अडते, ही वाफ अडत नाही.

पाण्यातलं पीयूही आता मिळतं, वास कमी, पण दमट हवेत सुकायला वेळ घेतं. एनसीचा त्रास वेगळा, थिनर उडताना पृष्ठभाग गार पडतो, हवेतलं बाष्प त्यावर बसतं आणि फिनिश पांढुरकं दिसायला लागतं. म्हणून मुंबई-कोकणात जुने पॉलिशवाले जून ते सप्टेंबर शेवटचा कोट टाळतात.