अर्ध्या सेंटचा रस्ता

सिलिकॉन व्हॅलीतल्या सनीव्हेलच्या देशी किराणा दुकानात तूरडाळ, तांदूळ आणि भाकरवडीचं पाकीट घेतलं, तर बिलात कराचा रकाना शून्य. त्याच दुकानात गरम वडापाव घेतला की कर लागतो, प्रेशर कुकर घेतला तरी लागतो. घरी न्यायच्या खाद्यपदार्थांना कॅलिफोर्नियात विक्रीकर माफ आहे. गरम तयार पदार्थांना आणि भांड्याकुंड्यांना नाही. सांता क्लारा काउंटीत जुलै २०२१ पासून पुढची काही वर्षं हा दर किमान ९.१२५ टक्के होता. म्हणजे शंभर डॉलरच्या कुकरवर नऊ डॉलर तेरा सेंट.

या नऊ डॉलरांची फोड मोठी मजेशीर आहे. त्यातले ७.२५ टक्के राज्यभर सारखेच. उरलेले १.८७५ टक्के मात्र मतदारांनी १९७६, २०००, २००८, २०१२, २०१६ आणि २०२० अशा सहा मतदानांत स्वतःवर लावून घेतलेले. सहापैकी पाच कर रस्ते, बस आणि रेल्वेसाठी. आपल्याकडे टोलनाका दिसला की कपाळाला आठ्या पडतात. इथे लोक आपण होऊन कर मागतात, हे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला खरं वाटत नाही. पण त्यामागे उदारपणापेक्षा नाइलाज जास्त होता.

काउंटी म्हणजे ढोबळमानाने आपला जिल्हा, फक्त कारभार निवडून आलेल्या पाच सुपरवायझरांच्या हाती. पूर्वी महामार्ग राज्याच्या पेट्रोल करातून व्हायचे आणि स्थानिक खर्चाचा मोठा भार मालमत्ता कर उचलायचा. पेट्रोल कर १९६३ पासून १९८३ पर्यंत गॅलनला ७ सेंटच राहिला. तो टक्क्यांत नव्हता, त्यामुळे महागाई वाढत गेली तशी त्या सात सेंटांची किंमत उतरत गेली. मग जून १९७८ मध्ये ‘प्रपोझिशन १३’ हा प्रस्ताव राज्यातल्या मतदारांनी मंजूर केला. मालमत्ता कर किमतीच्या एका टक्क्यावर आणि त्या किमतीतली वार्षिक वाढ दोन टक्क्यांवर बांधली गेली. वर अशी अट, की ठरावीक कामासाठी स्थानिक कर लावायचा असेल तर दोन तृतीयांश मतं हवीत.

याच काळात फळबागांच्या जागी चिपचे कारखाने उभे राहत होते. घरं सॅन होजेच्या दक्षिणेला, नोकऱ्या उत्तरेला. या दोन टोकांना जोडणारा महामार्ग क्रमांक ८५ पन्नासच्या दशकापासून नकाशावर होता; पण तो उत्तरेकडून कुपर्टिनोपर्यंत येऊन थांबला आणि पुढची राखीव जागा तशीच पडून राहिली.

कोंडी फुटली ती एका पळवाटेतून. लॉस एंजेलिसच्या एका खटल्यात १९८२ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की ज्या संस्थेला मालमत्ता कर लावायचा अधिकारच नव्हता, तिला दोन तृतीयांशाची अट लागू नाही. मग सांता क्लारात वेगळं वाहतूक प्राधिकरण निघालं. ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीचे सहसंस्थापक डेव्हिड पॅकार्ड यांनी स्थापन केलेल्या उद्योजकांच्या गटाने प्रचारात जोर लावला आणि १९८४ मध्ये साध्या बहुमताने डॉलरमागे अर्धा सेंट मंजूर झाला. महामार्गांसाठी स्वतःवर असा कर लावणारी ही राज्यातली पहिली काउंटी. मुदत दहा वर्षं, कामं तीन: महामार्ग ८५ बांधायचा, १०१ रुंद करायचा, २३७ सुधारायचा.

माझ्या मते सगळी गंमत या यादीत आहे. आपल्या जकातीचा पैसा नाक्यावरून थेट पालिकेच्या तिजोरीत जाऊन मिसळायचा. कुठला रस्ता त्यातून झाला, हे कोण सांगणार? जकात लावताना नागरिकांना कुणी विचारलंही नव्हतं. (मुंबईची जकात १ जुलै २०१७ ला जीएसटी येताच गेली.) इथे रस्त्याचा क्रमांक आणि कराची शेवटची तारीख, दोन्ही मतदारासमोर होती. ऑक्टोबर १९९४ मध्ये ८५ पुरा झाला. कुपर्टिनोपासून दक्षिणेला साडेचार टनांवरच्या ट्रकना त्यावर आजही बंदी आहे.

पुढचा कर १९९२ मध्ये सुमारे ५४ टक्के मतांनी मंजूर झाला, आणि १९९५ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. जुनी पळवाट आता चालली नाही: दोन तृतीयांश कुठे आहेत? १९९६ मध्ये काउंटीने एकाच प्रश्नाचे दोन केले. एकात कामांची यादी, पण निव्वळ सल्ला म्हणून. दुसऱ्यात अर्ध्या सेंटचा सर्वसाधारण कर, ज्याला बहुमत पुरतं. कागदावर दोघांचा काही संबंध नाही, आणि न कळण्याइतकं खुळंही कोणी नाही! ही युक्ती न्यायालयात टिकली.

२००० सालचा कर मात्र सरळ दोन तृतीयांशाच्या वर गेला. मुदत तीस वर्षं, आणि मुख्य आश्वासन बार्ट, म्हणजे सॅन फ्रान्सिस्को परिसरातली शहरी रेल्वे, सॅन होजेत आणण्याचं. वसुली २००६ पासून सुरू व्हायची होती; त्याआधीच डॉटकॉमचा फुगा फुटला आणि विक्रीकराच्या उत्पन्नाचे अंदाज कोसळले. या कराचं हेच दुखणं आहे. बाजार आजारी पडला की रस्त्याचा पैसाही आटतो, आणि कुकर घेणाऱ्या सफाई कामगाराला दर तोच लागतो जो कंपनीच्या मालकाला. बार्ट चालवण्यासाठी २००८ मध्ये आणखी अष्टमांश सेंट मागावा लागला. तो दोन तृतीयांशाची रेघ जेमतेम ओलांडून पास झाला. बार्टचं सॅन होजेतलं बेरियेसा स्थानक जून २०२० मध्ये उघडलं. तिथून पुढे शहराच्या मध्याखालून जाणाऱ्या टप्प्याचा खर्च १२ अब्ज डॉलरांवर गेला आहे.

२०१६ च्या अर्ध्या सेंटची यादी सुमारे ६.३ अब्ज डॉलरांची. कोर्टकज्ज्यामुळे तो पैसा २०१९ पर्यंत अडकून होता. त्या यादीत गल्लीबोळांतल्या खड्ड्यांसाठी १.२ अब्ज आहेत, आणि ३५ कोटी पुन्हा ८५ साठी. १९९४ मध्ये पुढेमागे रेल्वे आणू म्हणून या रस्त्याच्या मधोमध रुंद पट्टी सोडली होती. दक्षिणेकडचा तुकडा वगळला तर ती अजून रिकामीच आहे.