थायलंडमध्ये निवृत्तीचा मुक्काम: व्हिसासाठी तिथली बँक कशी निवडायची

दीक्षाभूमीच्या शहरातून थायलंडला जाऊन एखाद्या विहाराजवळ भाड्याने घर घ्यायचं आणि निवांत राहायचं, अशी इच्छा असलेले निवृत्त लोक नागपुरात भेटतात. कोणी वेकोलितून निवृत्त झालेलं असतं, कोणी वीज मंडळातून, कोणी रेल्वेतून. व्हिसाची चौकशी ही मंडळी कसून करतात. बँक मात्र तिथे पोचल्यावर घराजवळची शाखा पाहून ठरवतात आणि पुढे मुदतवाढीच्या वेळी अडतात. बँक आधी ठरवा, असं मी आग्रहाने सांगेन. पैसा परदेशातून आला, तुमच्याच नावाने आला आणि ठरलेले दिवस खात्यात राहिला, हे इमिग्रेशनला कागदावर दिसावं लागतं आणि तो कागद बँकच देते.

पात्रता थोडक्यात अशी. वय किमान 50 हवं आणि या व्हिसावर नोकरी-धंदा चालत नाही. भारतीयांसाठी दोन मार्ग आहेत. नॉन-इमिग्रंट ओ या प्रकारचा व्हिसा आधी 90 दिवसांचा मिळतो, मग थायलंडमध्येच वर्षाची मुदतवाढ घ्यायची. ओ-ए भारतातूनच वर्षभरासाठी मिळतो, पण त्याला पोलिसांचं चारित्र्य प्रमाणपत्र, वैद्यकीय प्रमाणपत्र आणि किमान 30 लाख बाथचा आरोग्य विमा लागतो. दहा वर्षांचा ओ-एक्स मोजक्या देशांच्या नागरिकांसाठी आहे, त्यात भारत नाही. अर्ज ऑनलाइन ई-व्हिसाने करायचा. महाराष्ट्रातल्या अर्जदारांसाठी थायलंडचा वाणिज्य दूतावास मुंबईत आहे. ओ-ए साठी पहिल्या वर्षी भारतातल्या बँकेतली शिल्लक चालते, मुदतवाढीला मात्र पैसा थाई बँकेतच हवा.

आता पैशाची अट. एक तर थाई बँकेत 8 लाख बाथ ठेवायचे, नाही तर दरमहा 65,000 बाथ परदेशातून येताहेत हे दाखवायचं. दोन्हींची बेरीज करून वर्षाला 8 लाख भरवण्याचीही सोय आहे. 65,000 बाथ म्हणजे पावणेदोन लाख रुपयांच्या वर जातं. एवढी पेन्शन फार थोड्यांना असते, शिवाय बारा महिने एकही हप्ता चुकवून चालत नाही. म्हणून नागपूरच्या पेन्शनरला मी ठेवीचाच मार्ग सुचवेन. रक्कम साधारण बावीस लाख रुपये होते, दराप्रमाणे थोडी कमी-जास्त. ती अर्जाच्या आधी दोन महिने खात्यात हवी. मुदतवाढ मिळाल्यावर तीन महिने तशीच ठेवायची, त्यानंतर वर्षभर शिल्लक 4 लाखांखाली जाऊ द्यायची नाही. खातं एकट्या अर्जदाराच्या नावावर हवं. नवरा-बायको दोघं जाणार असतील, तर एकाच्या मुदतवाढीवर दुसऱ्याला अवलंबित म्हणून राहता येतं. त्यासाठी विवाह नोंदणीचा दाखला सोबत ठेवा.

मग बँक कोणती? व्याजदर पाहू नका, मोबाइल ॲप किती छान आहे तेही पाहू नका. शाखेत बसून आधी विचारा की परदेशातून आलेली रक्कम पासबुकात कशी उमटते. बँकॉक बँकेच्या पासबुकात अशा नोंदीसमोर ‘एफटीटी’ हा संकेत छापला जातो. अधिकारी पान उलटतो, बोट त्या ओळीवर ठेवतो आणि पुढे जातो. स्वस्तात पैसे पाठवणाऱ्या काही ऑनलाइन सेवा मात्र रक्कम तिथल्या स्थानिक खात्यातून वळती करतात. मग तीच रक्कम पासबुकात देशांतर्गत म्हणून दिसते आणि पैसे बाहेरून आल्याचं पत्र बँकेकडून वेगळं मिळवावं लागतं. मासिक उत्पन्नाचा मार्ग घेणाऱ्याला याचा सगळ्यात जास्त त्रास होतो. म्हणून पैसा बँकेतून बँकेत, स्विफ्टनेच (बँकांच्या आंतरराष्ट्रीय जाळ्यातूनच) पाठवा.

इमिग्रेशनसाठीचं शिलकीचं पत्र शाखेतच मिळतं का, बारा महिन्यांचं स्टेटमेंट किती दिवसांत येतं, हेही तिथेच विचारून घ्या. पासबुक अर्जाच्या दिवशीच भरून घ्यायचं असतं. त्या दिवसाची नोंद दिसावी म्हणून लोक शंभर बाथ काढतात किंवा भरतात आणि मग खिडकीवर जातात. एरवीही दर महिन्याला पासबुक छापून घ्या. फार दिवस न छापल्यास अनेक नोंदी एका ओळीत गोळा होतात आणि नेमकी हवी ती ओळ सापडत नाही. सुरक्षिततेची काळजी असेल, तर थायलंडमध्ये दर बँकेमागे 10 लाख बाथपर्यंतच्या ठेवीला विमा आहे, म्हणजे आपले 8 लाख त्यात बसतात. पर्यटक म्हणून गेलेल्याला खातं उघडणं अवघड जातं. पासपोर्ट, व्हिसा आणि राहत्या पत्त्याचा पुरावा लागतो.

नागपूरकडची तयारी याहून किचकट आहे. मानेवाडा किंवा जरीपटक्याच्या छोट्या शाखेत अर्ज घेतात, पण फाइल परकीय चलनाचं काम करणाऱ्या शाखेकडे जाते, म्हणून आठवडाभर हाताशी ठेवा. पॅन, परदेशी पैसे पाठवण्याचा ए-2 फॉर्म आणि पैशाच्या स्रोताचा पुरावा लागतो. परदेशी पैसे पाठवू देणाऱ्या रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस योजनेत माणशी वर्षाला अडीच लाख डॉलरची मर्यादा आहे, ती आपल्याला आड येत नाही. आड येतो टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच बँक आगाऊ कापते तो कर. आर्थिक वर्षात 10 लाख रुपयांवर जे जातं, त्यावर 20 टक्के बँक कापते. बावीस लाख एकदम पाठवले तर 2 लाख 40 हजार अडकले. हा पैसा बुडत नाही, करात वळता होतो किंवा परत मिळतो, पण तोवर हातात नसतो. 31 मार्चच्या आधी दहा लाख आणि 1 एप्रिलनंतर उरलेले पाठवले, तर ही कापणी फारच कमी होते. ही मर्यादा पॅनवर मोजतात, बँक बदलून ती वाढत नाही.

नावाकडे नीट लक्ष द्या. पासपोर्टवर वडिलांचं नाव मध्ये आहे आणि खात्यात नाही, किंवा गजभियेचं इंग्रजी स्पेलिंग दोन ठिकाणी वेगळं आहे, तर पैसा मधल्या बँकेत लटकतो. ही दुरुस्ती पैसे पाठवण्याच्या आधी करा. आणि मोजून 8 लाख कधीही पाठवू नका. मधल्या बँका आपलं शुल्क रकमेतून कापतात, दरही हलतो. 7,99,000 जमा झाले तर दोन महिन्यांची मोजणी सुरूच होत नाही. वीस-पंचवीस हजार बाथ जास्तीचे असू द्या.

कायम मुक्कामाच्या इराद्याने गेल्यावर भारतातलं बचत खातं एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयांचं खातं, करून घ्यावं लागतं आणि एलआरएसही बंद होतं, कारण ती योजना निवासींसाठी आहे. म्हणून ठेवीची रक्कम निघण्याआधी पाठवलेली बरी. पेन्शन पुढे एनआरओ खात्यात येते आणि कर भरून तिथून बाहेर पाठवता येते. वर्षात 180 दिवस थायलंडमध्ये राहिलात, तर 2024 पासून तिकडे आणलेल्या उत्पन्नावर थाई करही लागू शकतो. दोन्ही देशांत दुहेरी कर टाळण्याचा करार आहे, तेव्हा निघण्याआधी सीएला भेटाच. ज्या वर्षी तुम्ही कराच्या दृष्टीने भारतातले निवासी असाल, त्या वर्षीच्या विवरणपत्रात थाई खातं परदेशी मालमत्तेच्या अनुसूचीत दाखवावं लागतं, मग त्यावर एक रुपया व्याज मिळालेलं नसलं तरी.