सूर्य थांबतो ते दिवस

उत्तर गोलार्धात २१ किंवा २२ डिसेंबरला वर्षातली सर्वांत मोठी रात्र येते. दक्षिण गोलार्धात ती जूनमध्ये. पृथ्वीचा आस सुमारे २३.४ अंशांनी कललेला आहे म्हणून हे घडते, हे आपण शाळेत शिकतो. पण आस कललेला आहे हे कळण्याच्या हजारो वर्षे आधीपासून माणूस या रात्रीपाशी काहीतरी शोधत आला आहे.

आयर्लंडमधल्या बॉइन नदीच्या खोऱ्यात न्यूग्रेंज नावाची दगडमातीची प्रचंड समाधी आहे. इ. स. पूर्व ३२००च्या सुमाराची, म्हणजे गिझाच्या पिरॅमिडांहूनही जुनी. आत जायला १९ मीटर लांबीची अरुंद वाट, शेवटी दगडी दालन. दालनात मृतांची हाडे सापडली, काही जळालेली, काही न जळालेली. समाधीचे दार मोठ्या शिळेने बंद करत असत. मात्र दाराच्या वर एक छोटी चौकट मोकळी ठेवलेली होती. तिचा उपयोग उत्खनन करणाऱ्या मायकेल ओ'केली यांच्या लक्षात आला. २१ डिसेंबर १९६७च्या पहाटे ते एकटेच आत जाऊन बसले. सूर्य उगवल्यावर काही मिनिटांनी त्या चौकटीतून उन्हाची बारीक रेघ आत आली, जमिनीवरून सरकत दालनापर्यंत पोहोचली आणि रुंदावली. सुमारे १७ मिनिटांनी पुन्हा काळोख. हे फक्त या दिवसाच्या आगेमागे घडते.

मला यातले दार महत्त्वाचे वाटते. ज्यांनी प्रकाशासाठी इतके अचूक बांधकाम केले, त्यांनीच दार शिळेने बंद केले. उजेडाची ती रेघ उमटायला आधी पुरता अंधार हवा होता, आणि तो त्यांनी मन लावून बांधला.

या दिवसाच्या लॅटिन नावाचा अर्थ 'सूर्याचे थांबणे' असा आहे. क्षितिजावरची सूर्योदयाची जागा रोज सरकते. ती या सुमारास इतकी थोडी सरकते की नुसत्या डोळ्यांना काही दिवस ती जागच्या जागीच दिसते. कौषीतकी ब्राह्मण या वैदिक ग्रंथातही सूर्य उत्तरेकडे वळण्याआधी थांबतो, असेच म्हटले आहे. आणि महाभारतात सूर्याबरोबर माणूसही थांबतो: शरपंजरी भीष्म ५८ रात्री उत्तरायणाची वाट पाहत पडून राहतात. प्राचीन चीनमध्ये तर सगळा व्यवहारच थांबे. 'यीजिंग' या तिथल्या प्राचीन शकुनग्रंथातले 'परतणे' हे चिन्ह म्हणजे अंधाराच्या पाच तुटक रेघा आणि सगळ्यांत खाली प्रकाशाची एकच अखंड रेघ. त्यावरच्या जुन्या भाष्यात म्हटले आहे की या दिवशी पूर्वीचे राजे नाकी बंद ठेवत, व्यापारी प्रवासाला निघत नसत. नुकता परतलेला प्रकाश नाजूक असतो, त्याला धक्का लागू नये, असे पुढच्या टीकाकारांनी त्याचे कारण सांगितले.

विजयाची भाषा ठळकपणे दिसते ती रोममध्ये. सम्राट ऑरेलियनने इ. स. २७४ मध्ये 'अजिंक्य सूर्या'चे मंदिर उभारले. इ. स. ३५४च्या रोमन पंचांगसंग्रहात २५ डिसेंबरला 'अजिंक्या'चा जन्मदिन नोंदवला आहे, आणि त्याच संग्रहात त्याच तारखेला ख्रिस्तजन्मही. कोणी कोणाकडून घेतले यावर अभ्यासक अजून वाद घालतात. पाचव्या शतकात पोप लिओ यांनी प्रवचनात एक तक्रार केली: रोममधल्या सेंट पीटर चर्चच्या पायऱ्या चढून गेलेले भाविक आत शिरण्याआधी मागे वळतात आणि उगवत्या सूर्याला नमस्कार करतात. त्या भाविकांना दोष देणे मला जमत नाही. वर्षातल्या सर्वांत अंधाऱ्या, थंड दिवसांत पाठीवर ऊन पडले तर माणूस वळणारच.

आपल्याकडे या दिवसाची ओळख एका वेगळ्या कारणाने पुसट झाली. पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा सावकाश डुलतो, त्यामुळे ऋतू आणि राशी यांच्यात सुमारे ७२ वर्षांत एक अंशाचा फरक पडतो. साधारण १,७०० वर्षांपूर्वी सूर्याचा मकर राशीतला प्रवेश आणि उत्तरायणाचा आरंभ एकाच वेळी होत असे. आज संक्रांत जानेवारीच्या मध्यावर येते. सूर्य मात्र तीन आठवडे आधीच वळलेला असतो.

ऋग्वेदातल्या रात्रिसूक्तात 'ज्योतिषा बाधते तमः' असे शब्द आहेत. अंधार हटवणारी इथे पहाट नाही. स्वतः रात्रच आपल्या ताऱ्यांच्या उजेडाने तो हटवते. अंधार आणि रात्र एक नव्हेत, हा भेद ज्याला सुचला त्याने अशा किती रात्री जागून काढल्या असतील!

न्यूग्रेंजच्या दालनात आजही डिसेंबरच्या त्या मोजक्या पहाटे थोड्या लोकांना सोडत काढून आत घेतात. आकाश ढगाळ असेल तर रेघ येत नाही. लोक तरीही काळोखात बसून वाट पाहतात.