शिजवलेले छोले एक वाटी म्हणजे किती ग्रॅम?

एक कप शिजलेले काबुली चणे, पाणी नीट निथळून, भरतात साधारण 164 ग्रॅम, आणि तोच कप शिजलेल्या मसुराने भरला तर 198. राजमा 177, मूग 202. हे आकडे अमेरिकेच्या कृषी खात्याच्या तक्त्यातले आहेत, कप त्यांचा, म्हंजे जवळपास 240 मिली. कप तोच, मग मसूर आणि छोल्यांत 34 ग्रॅमचा फरक कुठून आला? मला हा प्रश्न खूप आवडतो, कारण उत्तर दाण्यात कमी आणि दाण्यांमधल्या फटींत जास्त आहे.

छोला बऱ्यापैकी गोल. एकाच आकाराचे गोल गोळे भांड्यात कसेही ओतले, वर हलवून बसवले, तरी ते जास्तीत जास्त 64 टक्के जागा व्यापतात, उरलेली 36 टक्के नुसती हवा. शिजलेल्या दाण्याची घनता पाण्यापेक्षा थोडीशीच जास्त, 1.1 च्या आसपास, त्यावरून गणित केलं तर कपातल्या छोल्यांनी साठ-बासष्ट टक्के जागा घेतलेली दिसते. किती सुंदर जुळतं बघा! मसुराचं तसं नाही, तो चपटा, एकावर एक बसतो, शिवाय शिजला की मऊ होऊन दबतो, थोडा फुटतोही, त्यामुळे फटी बुजतात आणि हिशोब पंच्याहत्तर टक्क्यांपर्यंत जातो. 1727 मधे स्टीफन हेल्स या इंग्रज शास्त्रज्ञाने लोखंडी भांड्यात वाटाणे भरून वरून जोरात दाबले होते, तेव्हा गोल वाटाण्यांना सपाट बाजू आल्या आणि मधल्या फटी भरून गेल्या. कुकरची एक शिट्टी जास्त झाली की वाटीत जास्त वजन मावतं ते याच कारणाने, फक्त इथे दाब दाण्यांच्या स्वतःच्या वजनाचा.

आता घरची वाटी. प्रत्येक घरात वेगळी, म्हणून नेटवरचा कपाचा आकडा तसाच वापरू नका. रिकामी वाटी काट्यावर ठेवून काटा शून्य करा, काठोकाठ पाणी भरा, जितके ग्रॅम तितके मिली, झालं. समजा 150 मिली आली, तर छोल्यांसाठी 0.68 ने गुणायचं, म्हणजे 102 ग्रॅम, राजम्यासाठी 0.74 ने म्हणजे 111, मसुरासाठी 0.82 ने म्हणजे 123. पण वाटी सपाट हवी हं, शीग नको. पायली, शेर, मापटं, चिपटं ही आपली जुनी मापंसुद्धा आकारमानाचीच होती आणि तिथेही शीग लावून दिलंय की सपाट यावर धान्य कमीजास्त व्हायचं.

निथळणं मात्र मनापासून करा, कारण फटींमधे हवेच्या जागी पाणी राहिलं तर वजन उगाच वाढतं आणि आकडा चुकतो. आणि गरगटलेल्या वरणाला यातलं काहीच लागू नाही, तिथे किती पाणी घातलं तेच ठरवतं.

सुक्याचं शिजलेलं किती होतं हेही पाण्यावरच. शिजलेल्या छोल्यात 60 टक्के पाणी असतं, राजम्यात 67, मसुरात 70, म्हणून 100 ग्रॅम सुके छोले शिजून सव्वादोनशेच्या आसपास जातात, राजमा अडीचशेच्या वर आणि मसूर जवळपास तीनशे. थोडा अंश शिजवलेल्या पाण्यात उतरतो त्यामुळे प्रत्यक्षात किंचित कमीच भरेल.

परदेशात राहणाऱ्यांना छोल्यांचा 400 ग्रॅमचा डबा लागतो बऱ्याच रेसिपीत. त्यातलं पाणी काढलं की दाणे उरतात साधारण 240 ग्रॅम, म्हणजे जवळपास दीड कप. तो डबा न आणता घरचे छोले घालायचे असतील तर रात्री 110 ग्रॅम सुके भिजत घाला आणि सकाळी पाणी बदलून कुकरला लावा, तेवढेच भरतील.