बाळ, डाळ, गाळ

इंदूरच्या रामबागेत राहणाऱ्या माझ्या ७४ वर्षांच्या आत्याचं कॉक्लियर इम्प्लांट, म्हणजे बहिऱ्या माणसाला ऐकू यावं म्हणून कानात बसवलेली मशीन, शस्त्रक्रियेनंतर तीन आठवड्यांनी सुरू झालं. सगळे तिच्या तोंडाकडे बघत बसलेले. ती म्हणाली, "पत्र्याच्या डब्यातून बोलल्यासारखे येताय रे सगळे." सुनेचा चेहराच पडला. पण पहिल्या दिवशी बहुतेकांना असंच ऐकू येतं आणि हे घरच्यांना आधी सांगायला हवं.

ही मशीन आवाज मोठा करत नाही. कानामागचा प्रोसेसर आवाजाचे खालच्या-वरच्या सुरांप्रमाणे पट्टे पाडतो. आतल्या कानाच्या शंखात सरकवलेली बारीक तार त्या त्या पट्ट्याचे विजेचे ठोके ऐकण्याच्या नसेला थेट देते. निरोगी कानात हे काम आतल्या रांगेतल्या सुमारे ३,५०० केसपेशी, म्हणजे आवाज टिपणाऱ्या पेशी, करतात. तारेवर इलेक्ट्रोड, म्हणजे ठोके देणारे बिंदू, असतात १२ ते २२. तरीही बोलणं कळतं. रॉबर्ट शॅनन आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये निरोगी कानांच्या माणसांना जेमतेम चार पट्ट्यांत मोडलेलं बोलणं ऐकवलं. थोड्या सरावानंतर शांत खोलीत साधी वाक्यं त्यांना जवळजवळ पूर्ण कळली.

मग अडतं कुठे? 'माळ' आणि 'साळ' यांतला फरक आवाजाचा जोर कमी-जास्त होण्यातून येतो, तो मशीन नीट पोचवते. 'बाळ', 'डाळ' आणि 'गाळ' यांत मात्र फरक फक्त जीभ-ओठ कुठे टेकले एवढाच. तो सुरांच्या बारीक सरकण्यात असतो आणि मोजक्या इलेक्ट्रोडांतून निसटतो. 'बाळ' म्हणताना ओठ मिटलेले दिसतात, म्हणून समोर बसून बोलल्यावर ते कळतं. 'डाळ' की 'गाळ' हे ओठांवर दिसत नाही, ते पुढच्या "शिजली" या शब्दावरून मेंदू ठरवतो.

म्हाताऱ्या माणसाकडे शब्दांचा साठा भरपूर असतो, पण हा हिशेब करायला मेंदूला वेळ लागतो. म्हणून ओरडू नये, वाक्यांमध्ये थांबावं. नुसतं वय आड येत नाही. किती वर्षं बहिरेपणात गेली याचा परिणाम मोठा असतो. "आता या वयात कशाला" म्हणत वर्षं घालवणाऱ्या घरांबद्दल मला म्हणूनच वाईट वाटतं.

आणखी एक गोष्ट मराठी घरांनी लक्षात ठेवावी. आपण "जेवलीस?" एवढंच विचारतो, प्रश्न असतो तो शेवटी चढणाऱ्या सुरात. सुराची उंची ही या मशीनची सगळ्यात कच्ची बाजू. "जेवलीस का?" म्हटलं की प्रश्न शब्दातच येतो. आत्याच्या घरी आता सगळे 'का' लावतात.

सुधारणेचा मोठा भाग पहिल्या तीन ते सहा महिन्यांत दिसतो, वर्षभर आणि पुढेही ती चालू राहते, पण सराव लागतो. सून रोज अर्धा तास वर्तमानपत्र वाचते, आत्या ओळींवर बोट फिरवत ऐकते. चौथ्या महिन्यात ती बोट न ठेवता ऐकू लागली. इंदूरच्या सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊबाजारातल्या गर्दीत मात्र तिला अजून काही कळत नाही. गोंगाटात भलेभले इम्प्लांटवाले अडखळतात. पुण्याहून लेकीचा फोन आला की ती म्हणते, "व्हिडिओवर ये, तोंड दिसू दे."